गोळी सुटण्याआधीचे रामगढ

‘शोले’मध्ये काय आहे, असे कोणालाही विचारा. घोडे, बंदुका, आगगाडी, पूल आणि डाकू, एवढे तो एका दमात सांगेल. पण चित्रपट सव्वातीन तासांहून मोठा आहे, आणि त्यातली प्रत्यक्ष हाणामारी वेगळी काढली तर ती या वेळाचा लहानसा तुकडा भरते. ज्याच्या नावाने हा चित्रपट आजही ओळखला जातो तो गब्बर सिंग पडद्यावर यायलाच तासभर जातो. तोवर आपण त्याचे नाव ऐकतो, त्याची माणसे पाहतो, गावकऱ्यांची भीती पाहतो. तो स्वतः मात्र दिसत नाही.

हे सगळे ठरवून केलेले आहे. मारधाडपट म्हणून जगभर गाजलेल्या बहुतेक चित्रपटांचा सांगाडा थरारपटाचा असतो. ठोसा किंवा गोळी हा त्यातला शेवटचा क्षण. प्रेक्षकाला खुर्चीत खिळवतो तो त्या आधीचा वेळ. पटकथाकार सलीम-जावेद, दिग्दर्शक रमेश सिप्पी, छायाचित्रकार द्वारका दिवेचा आणि संकलक एम. एस. शिंदे यांनी तो वेळ किती विचाराने वापरला, हे पाहायला ‘शोले’सारखा दुसरा धडा आपल्याकडे नाही, असे मला मनापासून वाटते.

चित्रपटातले रामगढ उभे राहिले ते बंगळुरूपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर, म्हैसूर रस्त्यावरच्या रामनगरात. ऑक्टोबर १९७३ मध्ये चित्रीकरण सुरू झाले. चित्रपट पडद्यावर आला तो १५ ऑगस्ट १९७५ रोजी. गाव वसवण्याचे काम कलादिग्दर्शक राम येडेकर यांचे. घरे, मशीद, देऊळ, पाण्याची टाकी, ठाकूरची हवेली, सगळे खडकांच्या कुशीत नव्याने बांधलेले. महामार्गापासून सेटपर्यंत गाड्या याव्यात म्हणून रस्ताही तयार करावा लागला, आणि पुढे काही काळ त्या भागाला लोक सिप्पीनगर म्हणत.

इथला खडक म्हणजे ग्रॅनाइट. इंग्रजांच्या काळात या गावाचे नाव क्लोजपेट होते. त्यावरून भूशास्त्रात हा खडक आजही क्लोजपेट ग्रॅनाइट म्हणून ओळखला जातो, आणि त्याचे वय सुमारे अडीचशे कोटी वर्षे आहे. गोलसर, उघडेबोडके, एकमेकांवर रचल्यासारखे दगड. मध्ये सपाट माळ, आणि कुठूनही पाहिले तरी माथ्यावर कोणीतरी उभे असू शकेल अशी जागा. रेशमाच्या कोषांचा मोठा बाजार आणि गिधाडांचे अभयारण्य ही या गावाची आजची ओळख. रामदेवरबेट्टाच्या कड्यांवर लांब चोचीची गिधाडे राहतात आणि २०१२ पासून त्या डोंगराला संरक्षण आहे. डेव्हिड लीन यांनी १९८४ च्या ‘अ पॅसेज टू इंडिया’तल्या गुहांसाठी याच परिसरातले खडक निवडले. तिथेही कथेला हवी होती ती उघड्यावरची, उन्हातली भीती.

उन्हातली ही भीती महत्त्वाची आहे. थरार म्हटले की काळोखी गल्ली, ओला रस्ता, दिव्याखालची सावली असे चित्र डोळ्यांपुढे येते. आल्फ्रेड हिचकॉक यांनी १९५९ च्या ‘नॉर्थ बाय नॉर्थवेस्ट’मध्ये ते मुद्दाम मोडले. त्यांनी नायकाला रखरखीत दुपारी, जिथे लपायला झाडही नाही अशा शेतांमधल्या रस्त्यावर उभे केले. बराच वेळ काहीच घडत नाही. एक मोटार येते आणि जाते, एक माणूस बसची वाट पाहतो, लांबवर औषध फवारणारे विमान फिरते. मग तेच विमान नायकाच्या अंगावर येते. जागा मोकळी असली की संकट कुठूनही येऊ शकते, आणि प्रेक्षक पडद्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळत बसतो. रामनगरच्या माळाने ‘शोले’ला हेच दिले.

हिचकॉक यांनी फ्रांस्वा त्रुफो यांना दिलेल्या प्रदीर्घ मुलाखतीत थराराचे गणित उलगडले आहे. दोन माणसे टेबलाशी बसून गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटतो. प्रेक्षक दचकतो, पण काही सेकंदांपुरता. आता तोच बॉम्ब टेबलाखाली आहे आणि तो कधी फुटणार हे प्रेक्षकाला आधीच कळू द्या. मग त्याच कंटाळवाण्या गप्पा असह्य होतात. उठा, निघा तिथून, असे प्रेक्षकाला ओरडावेसे वाटते. पहिल्या प्रकारात धक्का आहे, दुसऱ्यात उत्कंठा. फरक एवढाच, की कोणाला काय ठाऊक आहे आणि कधीपासून.

‘शोले’तली होळी या कसोटीवर लावून पाहा. डोंगरातल्या अड्ड्यावर गब्बर होळी कधी आहे एवढेच विचारतो. त्यानंतर गावात रंग उधळला जातो, गाणे सुरू होते, नायक-नायिका नाचतात. गावकऱ्यांना काही ठाऊक नाही, आपल्याला आहे. गाण्यातली प्रत्येक हसरी मुद्रा त्या एका प्रश्नामुळे काळजीने पाहिली जाते. हिंदी चित्रपटात गाणे आले की कथा थांबते, ही जुनी तक्रार आहे. इथे गाणे चालू असताना कथा सर्वांत जास्त ताणली गेली आहे.

गब्बरचा पहिला प्रवेश तर शाळेत शिकवावा असा रचला आहे. आधी दिसतात ते खडकावर चालणारे बूट आणि दगडावरून घासत जाणारा पट्टा. चेहरा नाही. समोर तीन डाकू मान खाली घालून उभे आहेत. गावात फक्त दोन माणसे आडवी आली आणि हे तिघे हात हलवत परत आले, हा त्यांचा गुन्हा. त्यातला कालिया म्हणजे आपले विजू खोटे. मोजक्या वाक्यांच्या या भूमिकेने त्यांना जन्मभराची ओळख दिली.

गब्बर पिस्तुलात गोळ्या किती, हे विचारून घेतो. सहा. माणसे तीन. हा हिशोब जमत नाही म्हणून तो तीन गोळ्या हवेत झाडतो. आता तीन घरे भरलेली आणि तीन रिकामी. चक्री फिरवतो, म्हणजे कुठे काय आहे हे त्यालाही ठाऊक नाही. पहिल्याच्या डोक्याला नळी लावून चाप ओढतो: टक्. दुसऱ्याला: टक्. मग कालियाची पाळी. आता पिस्तुलात उरलेल्या चार घरांपैकी तीन भरलेली आहेत. हे गणित प्रेक्षक मनात करतोच, कारण पटकथेने त्याच्यासमोर बेरीज-वजाबाकी नुकतीच मांडली आहे. चाप ओढला जातो: पुन्हा टक्.

तिघेही वाचले. गब्बर हसू लागतो. मग ते तिघे भीतभीत हसतात, मग सगळा अड्डा हसतो, आणि चित्रपटगृहात श्वास रोखून बसलेला प्रेक्षकही सुटकेचा श्वास टाकतो. त्याच क्षणी गब्बर वळतो आणि तिघांनाही गोळ्या घालतो. आधी उत्कंठा, मग सुटका आणि सुटकेच्या आत लपवलेला धक्का, असा हा क्रम आहे. यात मारामारी अजिबात नाही. तिघे जागचे हललेही नाहीत. तरी पुढचे दोन तास गब्बर पडद्यावर नुसता आला की पोटात गोळा येतो, कारण हा माणूस हसत असतानाही सुरक्षित नाही, हे आपण शिकलेलो असतो.

ठाकूरच्या कुटुंबाच्या हत्येचा प्रसंग याच्या नेमका उलटा बांधला आहे. तो चित्रित करायला रामनगरात तेवीस दिवस लागले. हवेलीच्या अंगणात घरातली माणसे आपापल्या कामात आहेत. झोपाळ्याची करकर ऐकू येते. मग कुठून तरी गोळी येते आणि एकजण कोसळतो. गोळी झाडणारा दिसत नाही. दुसरी गोळी, दुसरा माणूस. पडणारी माणसे क्षणभर पडद्यावर थिजवली आहेत, त्यामुळे मृत्यू लांबल्यासारखा होतो. त्यानंतर कॅमेरा वर पाहतो, तर खडकाच्या माथ्यावर आकाशाला भिडलेले घोडेस्वार. ते घाई न करता खाली येतात. जिवंत उरला आहे तो घरातला लहान मुलगा. गब्बर त्याच्यासमोर येऊन उभा राहतो. मुलगा वर पाहतो. बंदूक उचलली जाते.

गोळी दाखवलेली नाही. तिच्या आवाजाच्या जागी धडधडत येणारी आगगाडी पडद्यावर येते, आणि त्या गाडीतून ठाकूर सुट्टीवर घरी येत असतो. आता बॉम्ब टेबलाखाली आहे. घरी काय झाले हे आपल्याला ठाऊक आहे, त्याला नाही, आणि स्टेशनपासून अंगणापर्यंतचे त्याचे प्रत्येक पाऊल आपल्याला मोजावे लागते. पुढे वारा सुटतो, वाळकी पाने उडतात, पांढऱ्या चादरी हलतात. शेवटची चादर किती आखूड आहे हे दिसते तेव्हा वेगळे काही सांगायची गरज उरत नाही.

हा सांधा ज्यांच्या हातून जुळला ते एम. एस. शिंदे, म्हणजे माधव शिंदे. ‘शोले’ला फिल्मफेअरची नऊ नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकच, संकलनाचा. बाकीच्या आठांबद्दल लोक अजून हळहळतात. मला मात्र तो एक पुरस्कार अगदी योग्य जागी गेला असे वाटते. थरारपटात काय दाखवले यापेक्षा कुठे कापले याला जास्त किंमत असते. मुलाच्या अंगावरची गोळी पडद्यावर आली असती तर प्रेक्षकाने डोळे मिटले असते. आगगाडी आली, म्हणून त्याला पाहत राहावे लागले.

हाच प्रकार अहमदच्या मृत्यूत आहे. इमामसाहेबांचा तरुण मुलगा, सचिन पिळगावकर यांनी साकारलेला, नोकरीसाठी शहराकडे निघतो आणि डाकूंच्या हाती सापडतो. त्याचा छळ चित्रित झाला होता, पण प्रदर्शित चित्रपटात तो ठेवला नाही. गब्बर पहुडला आहे, हातावर मुंगी चढते, तो तिच्याकडे पाहतो आणि चिरडतो. पुढच्या दृश्यात घोडा गावात येतो, पाठीवर मुलाचे प्रेत घेऊन. आंधळ्या बापाला सगळीकडे पसरलेली शांतता तेवढी जाणवते. आजूबाजूच्या सगळ्यांना कळले आहे, प्रेक्षकालाही; एकट्या बापाला नाही. रक्ताचा थेंब न दाखवता हा प्रसंग जेवढा जिव्हारी लागतो, तेवढा तो छळ दाखवून लागला नसता.

माहिती दडवून ठेवण्याचा सर्वांत मोठा डाव मात्र शालीचा. चित्रपटाच्या सुरुवातीलाच आगगाडीवरच्या चकमकीत आपण ठाकूरला दोन्ही हातांनी लढताना पाहिले आहे. मुंबई-पुणे मार्गावर पनवेलजवळ चित्रित झालेली ती चकमक पुरी व्हायला सात आठवड्यांहून जास्त काळ लागला. ती भूतकाळातली आठवण आहे, हेही आपल्याला सांगितले गेले आहे. तरी ते हात आपल्या डोक्यात पक्के बसतात. वर्तमानातला ठाकूर कायम शाल पांघरून उभा असतो. तिजोरी उघडायची तर रामलाल उघडतो, पैसे द्यायचे तर रामलाल देतो. जमीनदार माणूस, नोकर कामे करणारच, म्हणून आपण काही विचारत नाही. होळीच्या हल्ल्यात बंदूक ठाकूरच्या पायाशी पडलेली असते, गब्बरशी लढायला त्यानेच गावात आणलेले वीरू-जय जीव मुठीत धरून त्याच्याकडे पाहत असतात, आणि तो ती उचलून देत नाही. इथे प्रथमच प्रेक्षक गोंधळतो, चिडतोही. मग ती जुनी कहाणी येते, आणि तिच्या शेवटी वाऱ्याने शाल खाली पडते: ठाकूरला हातच नाहीत.

रहस्यपटात खुनी शेवटी कळतो तेव्हा आधीची सगळी दृश्ये मनात पुन्हा उलगडतात आणि त्यांचा अर्थ बदलतो. ‘शोले’त कोणाचा खून कोणी केला हे कोडे कधीच नव्हते. कोडे आहे हे सुद्धा आपल्याला ठाऊक नव्हते, आणि तरी उलगडा होतो. जयच्या नाण्याचेही तसेच. चित्रपटभर ते नाणे उडते आणि मित्राचे भवितव्य ठरवते. दोन्ही बाजूंना एकच छाप आहे, हे वीरूला कळते ते जय गेल्यावर. जुने सगळे कौल दैवाने दिले नव्हते, जयने दिले होते. पुलावरच्या चकमकीत एकटे थांबायचा निर्णयही त्याचाच, हे त्या नाण्याने सिद्ध होते, आणि मारामारीच्या प्रसंगाला मैत्रीचे वजन येते ते या दडवलेल्या वस्तूमुळे.

सलीम-जावेद यांना ही खूण आधीपासून सापडलेली होती. प्रकाश मेहरा यांच्या ‘जंजीर’मध्ये (१९७३) लहान मुलगा कपाटात लपून आईबापांचा खून पाहतो. दिवाळीच्या फटाक्यांत गोळ्यांचा आवाज विरतो. मुलाला मारेकऱ्याचा चेहरा दिसत नाही. दिसतो मनगटावरच्या साखळीतला पांढरा घोडा. ‘जंजीर’मुळे संतापलेला तरुण नायक पडद्यावर आला, असे नेहमी म्हटले जाते. ते खरेच आहे. पण त्या संतापाला दिशा देते ती साखळी.

थरारपटाचे आणखी एक ठरलेले साधन म्हणजे घड्याळ. अमुक वाजेपर्यंत पैसे पोचले नाहीत तर, तार कापली नाही तर. ‘शोले’त भिंतीवरचे घड्याळ नाही, पण मुदत आहे. वीरू खांबाला बांधलेला, त्याची प्रेयसी बसंती रखरखीत खडकावर, आणि गब्बरची अट अशी की तिचे पाय चालतील तोवरच वीरूचा श्वास चालेल. मग काचा फोडून तिच्या पायांखाली टाकल्या जातात. हे गाणे नाच म्हणून पाहता येतच नाही. प्रत्येक गिरकी म्हणजे मिळवलेला एक क्षण, आणि पायांतून रक्त येऊ लागते तसतशी मुदत संपत येते. परदेशी मारधाडपटात इथे आकडे उलटे मोजणारे यंत्र आले असते. ‘डाय हार्ड’ (१९८८) पाहिलेल्यांना तिजोरीचे एकेक कुलूप उघडत जाणारी चोरांची यंत्रणा आठवत असेल, तीही मुदतच. आपल्या पटकथाकारांनी ते काम नाचाला दिले. गाणे गाळले तर प्रसंग कोसळतो, अशी फार थोडी गाणी हिंदी चित्रपटात आहेत.

इथे एक खंत आहे. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि ऑगस्टमध्ये चित्रपट लागायचा होता. मूळ शेवटात ठाकूर खिळे मारलेल्या बुटांनी गब्बरला ठार करतो. माजी पोलीस अधिकाऱ्याने कायदा हातात घेणे सेन्सॉरला मान्य झाले नाही. शेवट पुन्हा चित्रित करावा लागला: ऐन वेळी पोलीस येतात आणि गब्बर बेड्यांत जातो. थरारपटाच्या बांधणीत हा शेवट बसत नाही. शाल पडल्या क्षणापासून प्रेक्षकाने एकच गोष्ट मनाशी धरली आहे, की ज्याला हात नाहीत तो हे कसे करणार. त्याचे उत्तर पायांनी मिळत असताना बाहेरून कोणीतरी येऊन थांबवतो. दुरुस्त केलेली, मूळ शेवट असलेली प्रत जून २०२५ मध्ये इटलीत बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. ती पन्नास वर्षे आधी दिसली असती तर ठाकूर हे पात्र आपल्या मनात जास्त काळोखे झाले असते, आणि चित्रपट जास्त धारदार.

रामनगरला मुंबईची मंडळी चित्रीकरणासाठी येऊन गेली. पण थराराची हीच हत्यारे बंगळुरूतल्या माणसांनी स्वतःच्या पद्धतीने चालवली, आणि त्यात मराठी धागे पुष्कळ आहेत. शंकर नाग हे होन्नावरकडचे कोकणी घरातले. मुंबईत मराठी रंगभूमीवर वावरलेले, ‘२२ जून १८९७’ या मराठी चित्रपटाच्या लेखनात सहभागी. पुढे ते कन्नड चित्रपटात गेले आणि १९८० मध्ये त्यांनी ‘मिंचिना ओटा’ केला. मोटारी चोरणारे भुरटे, तुरुंग, आणि तिथून पळायची योजना. शंकर, त्यांचे बंधू अनंत नाग आणि लोकनाथ यांच्याबरोबर त्यात आपल्या प्रिया तेंडुलकर होत्या. पळून जाण्याची गोष्ट हा थरारातला अगदी शुद्ध प्रकार: भिंत आहे, पहारा आहे, वेळ थोडा आहे. नायक बलदंड असायची गरज नाही, उलट तो साधा असला तर जीव जास्त टांगणीला लागतो.

१९८५ च्या ‘अ‍ॅक्सिडेंट’मध्ये नाग यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. नशेत गाडी चालवणारे श्रीमंत तरुण पदपथावर झोपलेल्यांना चिरडतात, मागून सत्ता तो गुन्हा झाकू पाहते, आणि एक पत्रकार त्याचा माग काढतो. इथे गुन्हेगार कोण हे आपल्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. पुरावा टिकेल का, साक्षीदार बोलेल का, यावर सगळा ताण. हाणामारी जवळजवळ काढून टाकली तरी थराराचा सांगाडा उभा राहतो, हे या चित्रपटाने कन्नड प्रेक्षकाला दाखवले. त्याला सामाजिक विषयासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मराठी वाचकांपैकी ज्यांनी नाग यांची फक्त ‘मालगुडी डेज’ पाहिली आहे, त्यांनी हे दोन चित्रपट शोधून पाहावेत अशी माझी कळकळीची विनंती.

दुसरे नाव सगळ्यांना ठाऊक असलेले. शिवाजीराव गायकवाड, जन्म बंगळुरूचा, १९५० चा, घर मराठी, तरुणपणी तिथल्याच बसवर कंडक्टर. रजनीकांत म्हणून त्यांनी केलेल्या चित्रपटांत सुरेश कृष्णा दिग्दर्शित ‘बाशा’ (१९९५) थराराच्या दृष्टीने सर्वांत नीट बांधलेला. पूर्वार्धात तो चेन्नईतला सालस रिक्षावाला माणिक्कम आहे. कोणी अंगावर आले तरी हात जोडतो. गावगुंड त्याला खांबाला बांधून मारतो आणि तो मुकाट्याने सोसतो. हा माणूस कोण आहे हे गुंडाला ठाऊक नाही, घरच्यांनाही नाही. प्रेक्षकालाही पूर्ण कथा अजून कळलेली नसते. पण पडद्यावर रजनीकांत आहे, आणि तो मार खातो आहे, एवढ्यावरून काहीतरी दडलेले आहे हे सगळे चित्रपटगृह ओळखून असते. इथे बॉम्ब टेबलाखाली नाही, नायकाच्या आतच आहे. पुढे गुंड त्याच्या बहिणीच्या वाटेला जातो तेव्हा माणिक्कमचा हात प्रथम उठतो. तो एक ठोसा पाहण्यासाठी लोक पुन्हा पुन्हा तिकीट काढत राहिले, आणि त्यांना तो हवा होता तो आधीचा सगळा मार त्यांनी माणिक्कमबरोबर सोसला होता म्हणून.